नौकोवा मेट्रोतल्या आजींना थँक यू

आजी, हे मराठीत लिहितेय, तुमची भाची मोबाईलवर ट्रान्सलेट करून वाचून दाखवेल.

24 फेब्रुवारी 2022 ला पहाटे युक्रेनमधल्या खारकिव्ह शहरावर रशियाचा हल्ला सुरू झाला आणि आम्ही मेडिकलच्या पोरी पासपोर्ट, चार्जर, हाताला लागेल ते घेऊन नौकोवा स्टेशनात पळालो तेव्हा तुम्ही आधीच प्लॅटफॉर्मवर अंथरूण टाकून बसला होतात. कोण कुठल्या काही न विचारता सरकून जागा दिलीत. केवढा आधार वाटला म्हणून सांगू!

त्या प्लॅटफॉर्मवर कोण नव्हतं, नायजेरिया-मोरोक्कोची मुलं, तान्ही बाळं घेतलेल्या आया, जॅकेटमध्ये मांजर घेऊन बसलेले एक आजोबा. आम्हाला लातूरहून सारखे फोन, निघालात का, कधी निघताय. आम्हाला निदान परत जायला घर होतं हो. तुमचं घर तिथेच, वरती, चौथ्या मजल्यावर. आणि बहीण बॉर्डरपलीकडे रशियात, बेल्गोरोदला, ती फोनवर म्हणायची की सामान्य लोकांवर कोणी बाँब टाकत नाहीये, टीव्हीवर तसंच सांगतायत. सख्खी बहीण! तुम्ही जन्मभर रशियनच बोलत आलात, लहानपणी जर्मन सैन्य शहरात शिरलेलं पाहिलंत, आणि आता हे. फोन ठेवून तुम्ही कितीतरी वेळ गप्प होतात, मग पिशवीतून डबे काढलेत. माझी मैत्रीण मटण-चिकन खात नाही हे कळल्यावर तिच्यासाठी उकडलेले बटाटे आणि काकडीचं लोणचं वेगळ्या डब्यात ठेवायला लागलात. अशा वेळी कोण एवढं लक्षात ठेवतं?

1 मार्चला कर्नाटकचा एक विद्यार्थी हल्ल्यात गेला, सामान आणायला बाहेर पडला होता तो. त्यानंतर तुम्ही आम्हाला वर जाऊच दिलं नाहीत, पाणीसुद्धा स्वतः आणायचात, एवढ्या वयात, तो जिना चढून. दुसऱ्या दिवशी एम्बसीने संध्याकाळी सहाच्या आत खारकिव्ह सोडा, गाडी नाही मिळाली तर चालत शहराबाहेरचं पेसोचिन गाठा म्हणून सांगितलं तेव्हा तुम्ही तुमचे लोकरीचे मोजे मला घालायला लावलेत. बर्फातून चालताना तेच कामी आले आजी, मनापासून थँक यू.

आईने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवलीये तुमच्यासाठी. पार्सल तुमच्या पत्त्यावर पाठवू की भाचीकडे पोल्टावाला, तेवढं कळवा.