लॉर्डचा ऑर्गन लावताना

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. १६ जुलैला डीप पर्पल या रॉक बँडच्या ऑर्गनवादकाच्या, जॉन लॉर्डच्या आठवणीत कार्यक्रम करताय, झकास. तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी हॅमंड ऑर्गनला मार्शलचा गिटार अॅम्प (अॅम्प्लिफायर) जोडणारा प्रत्येक जण आजही त्याचंच देणं लागतो. तुझी अडचण कळली : अॅम्प जोडला की सगळा राडा होतो, काढला की ऑर्गन चर्चमधला वाटतो. वाद्य बदलून हे सुटणार नाही. तुझा डावा हात आणि उजवा पाय बदलावे लागतील.

आधी राडा का होतो ते बघ. एका सुराला नऊ ड्रॉबार, म्हणजे ० ते ८ पर्यंत ओढायचे दांडे; त्यांना पाइप ऑर्गनच्या नळ्यांच्या लांबीवरून नावं, १६ फुटापासून (खर्ज) १ फुटापर्यंत (तार). सगळे ८ वर ओढून चार बोटांची कॉर्ड धरलीस की अॅम्पमध्ये छत्तीस स्वर एकदम घुसतात. स्वच्छ आवाजात ते चालतं. पण व्हॉल्व्ह तापून आवाज फाटायला लागला की त्या स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवेच सूर जन्मतात, आणि त्यातले बरेचसे कॉर्डमध्ये बसत नाहीत. तिसरा स्वर सगळ्यात आधी बिघडतो. चौथा आणि पाचवा टिकतात, कारण त्यांची गुणोत्तरं सोपी आहेत. म्हणून रिफला, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीला, दोनच बोटं. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची रिफ अशीच आहे : जी, बी फ्लॅट, सी, आणि प्रत्येकाच्या खाली चौथा, म्हणजे डी-जी, एफ-बी फ्लॅट, जी-सी. दुसऱ्या ओळीत मध्ये ए फ्लॅट-डी फ्लॅट येतं. बँडचा गिटारवादक ब्लॅकमोर गिटारवर तेच धरतो आणि लॉर्ड ऑर्गनवर त्याला दुजोरा देतो. तिथे तू पूर्ण जी मायनर दाबलीस की गिटारवाला तुझ्याकडे वळून बघणारच!

ड्रॉबार सुरुवातीला ८८८ ०००००० असे ठेव, म्हणजे १६, ५ १/३ आणि ८ फूट पूर्ण बाहेर, बाकी आत. इतकं करूनही खाली चिखल वाटला तर १६ फुटाचा ५ वर आण. बेस गिटार असताना तिथे गर्दी नकोच. धार कमी पडली तर ४ फुटाचा थोडा ओढ. शेवटचे तीन फाटक्या आवाजात नुसते किंचाळतात, ते सोलोच्या टोकाला राखून ठेव. पर्कशन, म्हणजे सुराच्या सुरुवातीचा टणक ठोका, लावणार असशील तर लक्षात असू दे : ते फक्त वरच्या मॅन्युअलवर (पट्ट्यांच्या रांगेवर), बी प्रीसेटची पट्टी दाबलेली असतानाच चालतं, आणि ते चालू असताना १ फुटाचा ड्रॉबार मुका होतो. शिवाय सगळ्या पट्ट्या सुटल्याशिवाय पुढचा ठोका वाजत नाही. सूर एकमेकांत गुंतवून वाजवलेस तर पहिलाच टणकेल, बाकीचे सपाट. ‘पर्कशन बिघडलंय’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची बोटंच उचललेली नसतात.

आता पाय. माझ्या मते लॉर्डचं खरं कसब इथे आहे आणि त्याच्याबद्दल बोलताना हेच राहून जातं. एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे ऑर्गनचा आवाज कमी-जास्त करणारं पायातलं पेडल, अॅम्पच्या आधी बसतं. फाटलेल्या अॅम्पवर ते दाबलं तर आवाज फारसा वाढत नाही, फाटणं वाढतं. म्हणजे गिटारवाला बोटांच्या जोराने जे करतो, ते तुला घोट्याने करायचं आहे. हॅमंडच्या पट्टीला जोर कळतच नाही. अॅम्प असा लाव : पेडल अर्ध्यावर ठेवून कॉर्ड जेमतेम स्वच्छ वाजली पाहिजे, आणि तळाशी नेलं की एकेरी सूर गुरगुरला पाहिजे. ऑर्गनची पातळी गिटारपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे सरळ जोडलास तर अॅम्प पेडलच्या सुरुवातीलाच गच्च होतो आणि पायाला कामच उरत नाही. मध्ये पातळी उतरवणारा पॅड घाल. डीप पर्पलच्या ‘मेड इन जपान’ या लाइव्ह अल्बमवरचं, ऑगस्ट १९७२चं वादन या कानाने ऐक. तिथला ‘लेझी’ ऐकताना बोटं विसर, फक्त फाटणं कुठे वाढतं आणि कुठे ओसरतं ते बघ.

लेस्लीबद्दल, म्हणजे ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरबद्दल, थोडक्यात. वरचा भोंगा वेगात मिनिटाला ४००च्या आसपास फिरतो, मंद गतीला ४० ते ५०. तो चटकन वेग घेतो, खालचा ड्रम जड, त्याला कितीतरी सेकंद लागतात. गंमत त्या मधल्या ओढाताणीत आहे. ओळीच्या आधी थोडं वेगाला टाक, म्हणजे ओळ उंचीवर पोचेस्तोवर दोन्ही जमलेले असतील. सतत वेगात ठेवलंस की जत्रेतला पाळणा.

तुम्हाला खरा सी-३, म्हणजे हॅमंडचा जुना ऑर्गन, मिळतोय असं लिहिलंयस. मग आधी मागची पाटी वाच. त्यातली मोटर विजेच्या आवर्तनांशी (सेकंदाला किती, म्हणजे हर्ट्झ) बांधलेली असते. ६० आवर्तनांचा अमेरिकी ऑर्गन ५० वर चालवला तर सगळा तीन सेमिटोन खाली उतरतो, तुझा ‘जी’ सूर ‘ई’ होतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज सांभाळतो, आवर्तनं नाही. त्याला फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर लागतो. चालू करताना स्टार्टचा खटका आठेक सेकंद धरून ठेव, तो न सोडता रन लाव, आणखी चारेक सेकंदांनी स्टार्ट सोड. घाई केलीस तर मुख्य मोटर स्वतःहून उचलत नाही, चाकं थांबतात. तेल हॅमंडचंच, वर्षातून एकदा, थोडं. दुसरं घातलं की तेल वाहून नेणारे धागे चिकट होतात आणि सूर निर्माण करणाऱ्या ९१ फिरत्या चाकांपर्यंत (टोनव्हील्स) तेल पोचेनासं होतं.

कार्यक्रमाचं म्हणशील तर ‘हायवे स्टार’च्या सोलोच्या मागे लागून महिना घालवू नका. त्यातल्या बाखच्या वळणाच्या तुकड्यांत प्रत्येक सूर सुटा हवा. तालीम कमी पडली की घसरतो, आणि ऐकणाऱ्यांना तो पाठ असतो. त्याऐवजी ‘चाइल्ड इन टाइम’ घ्या. सुरुवात जवळजवळ स्वच्छ, पेडल वर, लेस्ली मंद. मग सगळं हळूहळू तापवायचं. मी सांगितलेलं बहुतेक त्या एका गाण्यात येतं.

आणि बँडबाहेरचा लॉर्डही थोडा येऊ द्या. २४ सप्टेंबर १९६९ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर डीप पर्पलने वाजवलेल्या त्याच्या कन्चेर्टोची (बँड आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेची) स्वरलिपी पुढे हरवली होती. मार्को द खूय या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण ऐकून ती पुन्हा उभी केली, आणि १९९९ला त्याच सभागृहात ती पुन्हा वाजली. जाण्याआधी लॉर्डने तिचं स्टुडिओतलं मुद्रणही पुरं केलं होतं. त्यातला एखादा संथ तुकडा मध्यंतरानंतर ऐकवा, नुसत्या रिफांवर कार्यक्रम संपवू नका.

गाण्यांची यादी ठरली की कळव, आणि ऑर्गनच्या पाटीवर किती आवर्तनं लिहिली आहेत तेही. त्याप्रमाणे प्रत्येक गाण्याचे ड्रॉबारचे आकडे लिहून पाठवतो.

तुझा,
मिलिंद