नुसतं अंतर नको, जातानाचे आणि येतानाचे तास छापा

संपादक साहेब, नमस्कार.

लांब पल्ल्याच्या नवीन फ्लाइटची बातमी आली की त्यात एवढे किलोमीटर आणि एवढे तास इतकंच असतं, आणि नेटवर दोन एअरपोर्टमधलं अंतर दाखवणाऱ्या साइट्स पण बहुतेक अंतराला स्पीडने भागतात आणि मोकळ्या होतात. लोक तोच आकडा खरा धरून पुढची फ्लाइट बुक करतात आणि मग मधल्या एअरपोर्टवर नुसती पळापळ. हे फार चुकीचं चाललंय म्हणून लिहितोय.

लंडन-न्यूयॉर्कच घ्या. अंतर साडेपाच हजार किमीच्या थोडं वर, दोन्हीकडून तेवढंच, तरी टाइमटेबलात न्यूयॉर्कला जायला साधारण आठ तास आणि परत यायला सात, कारण दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचा वारा वाहतो, तो येताना पाठीशी आणि जाताना तोंडावर. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळाच्या दिवसांत हा वारा एवढा जोरात होता की न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान 4 तास 56 मिनिटांत लंडनला उतरलं, ताशी 1,300 किमीच्या वर स्पीड गेला होता त्याचा!

सिंगापूर-न्यूयॉर्क तर बघाच. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जातो, अंतर सुमारे 15,300 किमी. पण सिंगापूरहून निघालेलं विमान बरेचदा पॅसिफिकवरून हजारभर किमी जास्त उडतं, पाठीशी वारा मिळाला की लांबचा रस्ताच परवडतो. अठरा तासांच्या वर बसायचं असतं माणसाला, तिथे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे म्हणजे काय ते बसणाऱ्यालाच कळतं.

आणि आकाशातले रस्ते बंदही होतात. हेलसिंकी-टोकियो पूर्वी साडेनऊ तासांचा प्रवास होता, 2022 मध्ये युरोपच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं आणि तो तेरा तासांच्या आसपास गेला. शहरं जागच्या जागी, नकाशावरचं अंतर तेच, प्रवास मात्र तीन-साडेतीन तासांनी वाढला. नुसता किलोमीटरचा आकडा वाचून हे कोणाला कळणार?

तिकिटावरच्या वेळांचा घोळ वेगळाच, तिथे निघायची आणि पोचायची वेळ त्या त्या गावची असते, टोकियोहून संध्याकाळी निघालेला माणूस लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी पोचतो. म्हातारे आईवडील एकटे प्रवास करतात, त्यांनी औषधाच्या गोळ्या कुठल्या वेळेप्रमाणे घ्यायच्या? त्यांना प्रत्यक्ष किती तास लागणार हेच आधी कळायला हवं.

म्हणून विनंती एवढीच, अशा बातमीत जायचे तास आणि यायचे तास वेगवेगळे छापा, ते गेट टू गेट आहेत की नुसते हवेतले हेही लिहा, कारण मोठ्या एअरपोर्टवर विमान गेटपासून रनवेपर्यंत आणि रनवेपासून गेटपर्यंत जमिनीवरून न्यायलाच वीस-तीस मिनिटं सहज जातात. दोन ओळी वाढतील फक्त.

आपला,
एक नियमित वाचक