सगळं खापर पार्लरवर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिकवरचा लेख वाचला. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर शेजारी शेजारी नांदणाऱ्या या दोन देशांबद्दल मराठीत कुणी लिहितं, याचंच आधी कौतुक वाटलं. पण हैतीचे लोक काळेपणाचा अभिमान बाळगतात आणि डॉमिनिकन लोकांना आपल्याच कातडीची लाज वाटते, एवढ्यावर लेखकाने विषय मिटवून टाकला आहे. सोबत न्यूयॉर्कमधल्या एका डॉमिनिकन पार्लरचा फोटो आणि खाली 'न्यूनगंडाची फॅक्टरी' अशी ओळ. वॉशिंग्टन हाइट्सजवळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझी नोकरी झाली. ती सगळी डॉमिनिकन वस्ती, आणि हॉस्पिटलात नर्स म्हणून हैतीच्या बायका भरपूर. दोन्हीकडच्या मैत्रिणींकडून जे ऐकलं आणि पुढे कुतूहलापोटी जे वाचलं, त्याच्या भरवशावर हे पत्र लिहिते आहे.

आधी त्या पार्लरबद्दल. केस धुवायचे, ओल्या केसांवर मनगटाएवढे रोलर चढवायचे, मोठ्या टोपासारख्या ड्रायरखाली तासभर बसायचं, आणि मग गोल ब्रशने केस मुळापासून असे ताणून घ्यायचे की डोळ्यांत पाणी यावं. रात्री झोपताना ते डोक्याभोवती गुंडाळून पिना लावायच्या, याला त्या 'तूबी' म्हणतात. एवढं करून पावसाची एक सर आली की सगळं मुसळ केरात. दाट कुरळ्या केसांना घरीदारी सर्रास 'पेलो मालो', म्हणजे वाईट केस म्हणतात. वंश सुधारायचा तर उजळ नवरा बघ, असं घरातल्या म्हाताऱ्या अर्धं हसत, अर्धं मनापासून सांगतात. लेखकाने यातलं काही खोटं लिहिलेलं नाही. पण त्याच खुर्च्यांवर अमेरिकन काळ्या बायका नंबर लावून बसतात, आणि आमच्या हैतीच्या नर्सेसही. डॉमिनिकन बायकांचा हात साफ आणि दर परवडणारा, म्हणून. इंग्रजीचा गंध नसलेल्या कितीतरी बायकांनी या रोलरांवर मुलांची शिक्षणं काढली. त्यांच्या मायदेशात केस कुरळे ठेवले म्हणून शाळेतून घरी पाठवलेल्या मुली आहेत, नोकरीच्या मुलाखतीला जाण्याआधी केस सरळ करून घ्या असं ऐकून घेतलेल्या बायका आहेत. अशी बाई ब्लोअरखाली बसते तेव्हा तिच्या मनात लाज किती आणि व्यवहार किती, हे फोटोवरून सांगता येत नाही. त्यांच्याच राजधानीत, सांतो दोमिंगोत, 2014 साली कॅरोलिना कॉन्ट्रेरासने फक्त कुरळ्या केसांसाठी 'मिस रिसोस' नावाचं सलून काढलं आणि ते चाललं. लेखात त्याचा साधा उल्लेख हवा होता.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. रंगाबद्दलची ही मतं जणू दोन समाजांच्या रक्तातच आहेत असं लेखक धरून चालतो. खरं तर दोन्हीकडे त्यांच्यावर सरकारी शिक्का आहे, आणि तो कधी बसला याच्या तारखा सांगता येतात.

जेवणाच्या सुट्टीत एकदा लॅबमधल्या डॉमिनिकन मुलींनी माझ्याच रंगावर परिसंवाद भरवला. मी 'इंदिया क्लारा' की 'इंदिया ओस्कुरा', म्हणजे फिकट की गडद? मी मूळची खऱ्याखुऱ्या इंडियातली, या माहितीला तिथे कवडीची किंमत नव्हती. त्यांच्या मनातले इंदियो म्हणजे त्या बेटावरचे मूळ ताइनो लोक. 1492 मध्ये कोलंबस आला आणि पुढच्या काही दशकांत रोगराईने आणि वेठबिगारीने ते जवळजवळ संपले. तरीही कित्येक दशकं डॉमिनिकन ओळखपत्रावर, ज्याला ते सेदुला म्हणतात, रंगाच्या रकान्यात बहुसंख्य लोकांपुढे 'इंदियो' लिहिलेलं असे. ज्यांच्या पूर्वजांत आफ्रिकन गुलाम आणि स्पॅनिश मालक दोघेही, त्यांची नोंद न उरलेल्या लोकांच्या नावावर! काळा कोण, तर तो पलीकडचा हैतीवाला.

ही वाटणी पक्की केली रफाएल त्रुहियो या हुकूमशहाने. 1930 ते 1961 देश त्याच्या मुठीत होता. चेहरा उजळ दिसावा म्हणून तो पावडर थापायचा, आणि त्याच्या आईच्या आईकडचं मूळ हैतीचं होतं. ऑक्टोबर 1937 मध्ये त्याच्या हुकमावरून सैनिकांनी सरहद्दीच्या पट्ट्यातली हैती वंशाची माणसं कापून काढली. गोळ्यांचा माग लष्करापर्यंत पोहोचू नये म्हणून बहुतेकांना कोयत्याने मारलं. मेलेल्यांचा आकडा कुणी काही हजार सांगतं, कुणी वीस हजारांच्या पुढे नेतं. पार्सलीची जुडी दाखवून तिचं स्पॅनिश नाव 'पेरेहिल' म्हणायला लावायचे आणि ज्याला स्पॅनिश 'र' जमला नाही तो हैतीचा, असं सांगतात. मेलेल्यांतले कितीतरी त्याच मातीत जन्मलेले होते. हैतीला द्यायची नुकसानभरपाई साडेसात लाख डॉलर ठरली, पुढे सव्वापाच लाखांवर आली. आणि पुढच्याच वर्षी, 1938 च्या एव्हियाँ परिषदेत, ज्यू निर्वासितांना आसरा द्यायला बाकीचे देश कां-कू करत असताना याच त्रुहियोने एक लाखांपर्यंत लोक घेण्याची तयारी दाखवली. त्याला काळवंडलेली प्रतिमा धुऊन काढायची होती आणि देशात गोरी माणसंही हवी होती. प्रत्यक्षात सोसुआ या किनाऱ्यावरच्या वसाहतीत काहीशेच पोहोचले. त्यांचे जीव मात्र खरोखर वाचले.

त्रुहियोला जमीन आयती मिळाली होती हेही सांगायला हवं. डॉमिनिकन स्वातंत्र्यदिन 27 फेब्रुवारी. साल 1844, आणि स्वातंत्र्य हैतीपासून. त्याआधी 22 वर्षं सगळ्या बेटावर हैतीची सत्ता होती, त्यातला बहुतेक काळ राष्ट्राध्यक्ष बोये याची. त्याने कर लादले, चर्चच्या जमिनी घेतल्या, हे लॅबमधल्या प्रत्येक मुलीला शाळेपासून पाठ होतं. पूर्वेकडची गुलामगिरी 1822 मध्ये त्यानेच मोडली, हे मात्र एकीलाही ठाऊक नव्हतं.

आता हैतीकडे वळू, कारण लेखकाने त्यांना फुकटचं प्रशस्तिपत्र दिलं आहे. 1804 मध्ये गुलामांनी स्वतः लढून मिळवलेलं स्वातंत्र्य ही जगाच्या इतिहासातली अजोड गोष्ट, यात वाद नाही. 1805 च्या राज्यघटनेत हैतीचा पहिला सत्ताधीश दसालीन याने लिहून टाकलं की छटा कुठलीही असो, यापुढे सगळे हैतीवासी 'काळे' म्हणूनच ओळखले जातील. नेपोलियनच्या फौजेतून आलेले आणि तिथेच राहिलेले पोलिश लोकही त्यात आले. इकडे कायद्याने काळे, तिकडे ओळखपत्राने इंदियो!

पण कायद्याने छटा पुसल्या जात नाहीत. फ्रेंच अमदानीतच मिश्र रक्ताच्या, स्वतंत्र, जमीनजुमला आणि गुलामसुद्धा बाळगणाऱ्या लोकांचा एक वर्ग तयार झाला होता. स्वातंत्र्यानंतर व्यापार, फ्रेंच शिक्षण आणि सत्ता बरीचशी त्यांच्याच हाती गेली. पुढे तर एखादा म्हातारा काळा सेनापती अध्यक्ष म्हणून खुर्चीत बसवायचा आणि दोऱ्या आपण हलवायच्या, असा खाक्याच पडला. हॉस्पिटलातली एक हैतीयन नर्स मला त्यांच्याकडची म्हण ऐकवायची: श्रीमंत काळा म्हणजे मिलात, गरीब मिलात म्हणजे काळा. (मिलात म्हणजे मिश्र रक्ताचा, उजळ.) ती जेरेमी गावची. 1964 मध्ये हैतीचा हुकूमशहा दुवालिये याच्या माणसांनी तिथली मिलात घराणी लहान मुलांसकट मारली. दुवालिये सत्तेवर आला तोच काळ्या बहुजनांचा कैवारी म्हणवत. त्याच्याच मुलाने, गादीवर बसल्यावर, 1980 मध्ये उजळ वर्णाच्या, बड्या घरच्या मिशेल बेनेटशी लाखो डॉलर उधळून लग्न केलं. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या झोपड्यांत त्या लग्नावर काय बोललं गेलं असेल ते सांगायला नको. आमची ही जेरेमीची बाई एरवी 1804 बद्दल बोलताना ताठ व्हायची. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र जावई 'ग्रिमो' आहे, म्हणजे गव्हाळ-गोरा आहे, हे तिने मला दोनदा ऐकवलं. अभिमान आणि हौस एकाच बाईत सुखाने राहत होती.

आणि डॉमिनिकन मतदाराचं काय? होसे फ्रान्सिस्को पेन्या गोमेस हे नाव लेखात कुठेच नाही. हैती वंशाच्या गरीब आईबापांच्या पोटी 1937 च्या मार्चमध्ये जन्मलेला, डॉमिनिकन शेतकरी कुटुंबाने वाढवलेला, गडद काळा माणूस. राजधानीचा महापौर झाला, नंतर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला. हा निवडून आला तर देश हैतीला जोडेल, असा विखारी प्रचार त्याच्याविरुद्ध झाला. 1996 मध्ये पहिल्या फेरीत तोच पुढे होता. मग राष्ट्राध्यक्ष बालागेर आणि माजी राष्ट्राध्यक्ष बॉश हे आयुष्यभराचे दोन वैरी त्याला पाडण्यासाठी एकत्र आले आणि दुसऱ्या फेरीत तो हरला. तरीही मतं पडली जवळजवळ 49 टक्के. स्वतःच्या कातडीची लाज वाटणाऱ्या देशात त्याला एवढी मतं कुणी दिली, हे लेखकाला विचारावंसं वाटतं. आज सांतो दोमिंगोच्या विमानतळाला त्याचं नाव आहे.

सौंदर्य आणि केसांच्या गप्पांत लेखाने सर्वांत महत्त्वाची गोष्ट दोन ओळींत उरकली. डॉमिनिकन साखर कारखान्यांसाठी हैतीतून मजूर आणायला दोन्ही सरकारांनी करार केले, माणसामागे पैसे मोजले. हे मजूर 'बातेय' नावाच्या वस्त्यांत राहत. मी साताऱ्याची, कारखान्याबाहेरच्या ऊसतोड टोळ्यांच्या पालांशेजारून शाळेला जायचे. बातेयचे फोटो पाहिले तेव्हा मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. फरक एवढाच की आपल्याकडची टोळी पट्टा पडला की गावी परतते. तिथली मुलं बातेयमध्येच जन्मली, स्पॅनिश बोलत मोठी झाली, त्यांचीही मुलं झाली. मग 23 सप्टेंबर 2013 रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की 1929 पासून कागदपत्रं नसलेल्या परदेशी आईबापांच्या पोटी जन्मलेले लोक नागरिक नव्हेतच. चौऱ्याऐंशी वर्षं मागे जाऊन! जगभर ओरड झाल्यावर 2014 मध्ये कायदा करून काहींना नागरिकत्व परत दिलं, पण पुष्कळ जण अजून ना इकडचे ना तिकडचे. ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने आठवड्याला दहा हजारांपर्यंत हैतीयन बाहेर काढण्याची घोषणा केली. स्थलांतर खात्याचा जाळीचा ट्रक रस्त्यावर येतो तेव्हा शिपाई आधी कागद बघत नाही. तो रंग आणि केस बघतो. काळ्या डॉमिनिकन नागरिकांनाही असं उचलल्याच्या तक्रारी आहेत. माझ्या लॅबमधली एक मुलगी सुट्टीत गावी जाताना भावासाठी सेदुलाच्या रंगीत झेरॉक्स काढून लॅमिनेट करून न्यायची. भाऊ तिच्याहून दोन छटा गडद, बांधकामावर जाणारा. मूळ कार्ड हरवलं तर काय, ही धास्ती. ती स्वतः मात्र विमानात बसण्याआधी न चुकता पार्लरमध्ये जाऊन केस ओढून घ्यायची. आईने उतरल्या उतरल्या नावं ठेवू नयेत हे एक कारण. दुसरं कारण ती मोठ्याने बोलत नसे.

लेखमालेचा पुढचा भाग यायचा आहे असं पुरवणीत म्हटलं आहे. त्यात या 2013 च्या निकालाला जागा द्यावी, आणि त्या फोटोखालची ओळ मागे घ्यावी, ही विनंती. त्या पार्लरच्या काचेवर नाव स्वच्छ वाचता येतं. तिथल्या मालकिणीला मराठी येत नाही म्हणून काहीही छापावं, हे बरं नव्हे.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
न्यू जर्सी (मूळ सातारा)