आई-बाबा, घरात बुंदी आली आहे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न ठाऊक आहे म्हणून आधी तेच सांगते. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय. काल संध्याकाळी गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याशी पाणी होतं, कमरेला लागलेलं नाही. आपल्या गल्लीत काही त्रास नाही. गच्चीची गळती बंद झाली. आई, माळ्यावरच्या गोधड्या ऊन पडलं त्या दिवशी काढून वाळवल्या आणि कडुनिंबाचा पाला घालून परत ठेवल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. घरात एक कुत्री आली आहे. कॉकर स्पॅनियल, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, म्हणून नाव बुंदी. मे महिन्यात आणली. ती आता इथेच राहणार आहे, हे मी ठरवलं आहे. फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबा "बघू" म्हणाले असते. शिवाय तेव्हा बाबांचा गुडघा नुकताच बदलून झाला होता, त्या दुखण्यात ही काळजी नको होती. पत्र आई दुपारी पडल्या पडल्या दोनदा वाचेल, मधे थांबेल, मग बाबांना वाचून दाखवेल. हे सगळं त्याच चालीने तुमच्यापर्यंत यावं असं मला वाटलं.

मला एकटीला करमत नाही म्हणून आणली, असं दादा म्हणेल. तेही खरं आहे. मागच्या वर्षानंतर रात्री कुलूप उघडून अंधाऱ्या घरात शिरणं काय असतं, ते आई, तुला सांगायला नको. पण तेवढंच कारण नाही. ज्यांनी तिला हौसेने घेतलं होतं, त्या घरात दिवसभर कुणी नसायचं. पिल्लू बाल्कनीत. कंटाळून त्यांनी ती कुणाच्या तरी मळ्यावर साखळीला बांधायला द्यायची ठरवलं होतं. स्पॅनियल म्हणजे झुडपात शिरून पक्षी उठवायला तयार केलेली जात, वूडकॉक नावाच्या पक्ष्यावरून तिचं नाव कॉकर पडलं. सतत माणसाच्या मागेपुढे करणारं हे जनावर साखळीला बांधलं असतं तर खचलं असतं. मी बघायला गेले तेव्हा ती वॉशिंग मशीनच्या मागे बसली होती. तिला तिथे ठेवून मला परत येववलं नाही.

ती अतिशय भित्री आहे आणि तुम्ही येण्याआधी मला त्याबद्दलच सगळं सांगायचं आहे. बाबा, तुम्हाला कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून कारणही सांगते. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी पाच जातींच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं निरीक्षणं केली आणि १९६५ साली ती छापली. त्या पाचांत कॉकर स्पॅनियल होती. पिल्लाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळात जे भेटतं, म्हणजे माणसं, आवाज, जमिनी, वास, ते त्याच्या जगात बसतं. त्या काळात जे भेटलंच नाही किंवा वाईट रीतीने भेटलं, त्याची धास्ती राहते. बुंदीचा जन्म ऑगस्टअखेरचा. म्हणजे ऐन त्या आठवड्यांत दिवाळी आली आणि ती बंद बाल्कनीत फटाक्यांच्या मधोमध होती. त्यामुळे तिला ढोलाची भीती, ताटली पडली की भीती, कुकरच्या शिटीची भीती, हेल्मेट घातलेल्या माणसाची भीती. रेनकोटमधल्या दूधवाल्याला बघून तर ती पलंगाखाली जायची.

गेलेली वेळ परत आणता येत नाही, पण भीती हळूहळू घालवता येते, हे मी रोज बघते आहे.

आषाढात नदीकाठच्या मैदानावर ढोलपथकांचा सराव सुरू झाला. नाशिक ढोल म्हणजे काय, तुम्हाला मी सांगायचं का! पहिल्या दिवशी बुंदी रस्त्यातच आडवी झाली, उठेना. लोक म्हणाले, ओढत न्या, सवय होईल. मी तिला उलट फिरवलं आणि इतकं लांब नेलं की ढोल जेमतेम कानावर येत होता. तिथे पनीरचा तुकडा दिला, तिने खाल्ला. ती जागा आमची पहिली जागा. घाबरलेलं कुत्रं खात नाही, त्यामुळे खातं आहे तिथवर ठीक आहे हे समजतं. मग रोज तिथे बसायचं. ढोल वाजला की पनीर, ढोल थांबला की पनीर बंद. आवाज आधी आणि खाणं मागून, हा क्रम उलटा होऊ द्यायचा नाही. बाबा, पावलोव्हचा कुत्रा तुम्ही फळ्यावर काढायचात, घंटा आणि लाळ. तेच आहे हे, फक्त उघड्या मैदानावर. आता ढोल सुरू झाला की ती दचकायच्या ऐवजी वळून माझ्या हाताकडे बघते. तसं बघायला लागली की दुसऱ्या दिवशी थोडं पुढच्या झाडापाशी बसायचं. मधेच ओठ चाटायला लागली, झोप नसताना जांभया द्यायला लागली, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं की परत मागच्या झाडाकडे. एखाद्या दिवशी फारच घाबरली तर दुसरा दिवस पूर्ण सुट्टी, घरीच खेळायचं, कारण तो ताण अंगातून उतरायला वेळ लागतो. आता आम्ही मैदानाच्या अलीकडच्या भिंतीशी बसतो, पलीकडे अख्खं पथक. ताशा अजून जड जातो, तो कडक वाजतो. पण ढोल तिने पचवला आहे. देवळालीच्या तोफा लांबून ऐकू आल्या तर कान हलवते आणि पुन्हा झोपते.

घरात कुकरचंही तसंच केलं. शिटीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून तिच्या जेवणाच्या वेळी अगदी बारीक लावायचा, मग थोडा थोडा मोठा. दिवाळीसाठी फटाक्यांचा आवाज आतापासूनच असाच चालू केला आहे. दिवाळीत जिन्याखालची जागा पडदा लावून तिची करणार आहे. दिवेलागणीच्या आधी तिला फिरवून आणायचं आणि मग दारं बंद.

बाबा, तुम्ही म्हणाल की घाबरल्यावर जवळ घेतलंस तर भित्रीच राहील. तसं होत नाही. भीती ही युक्ती नाही की कौतुकाने वाढेल. ती जवळ आली तर जवळ घ्यायचं, एवढंच. आई, मी आठवीपर्यंत विजांना घाबरायचे, आठवतं? तू मला काही समजवायची नाहीस. दिवा लावून मेथी निवडत बसायचीस आणि मी तुझ्या पाठीला पाठ लावून बसायचे. मागच्या आठवड्यात रात्री गडगडाट झाला तेव्हा मी तशीच खाली सतरंजीवर बसले. बुंदी आली आणि माझ्या पाठीशी अंग टेकून बसली. मला तुझी फार आठवण आली.

आई, आता तुझ्याशी. पंचवटीतली ती गल्ली आणि कुत्रा चावल्यावरची तुझी ती पोटातली चौदा इंजेक्शनं मी विसरलेले नाही. त्यानंतर तू आमच्यासाठी रस्ता बदलून शाळेत यायचीस, तेही आठवतं. म्हणून हे नीट वाच. बुंदीला रेबीजची लस दिली आहे, दरवर्षी देणार, पुस्तक देवघराच्या फळीखालच्या खणात आहे. तू दिवाणखान्यात असशील तेव्हा ती पट्ट्यात असेल आणि पट्टा माझ्या हातात. तुला तिला हात लावायची गरज नाही, या महिन्यातही नाही आणि पुढच्याही नाही. तू खुर्चीवर पाय वर घेऊन बस, तिच्याकडे बघूही नकोस. भित्र्या कुत्र्याला तर तेच सर्वांत बरं वाटतं, कारण टक लावून बघणाऱ्या माणसाचा त्याला धाक वाटतो. तू तिला घाबरतेस आणि ती तुला घाबरेल. दोघींनाही आपापल्या अंतरावर बसू देणार आहे. कुणी "अगं काही नाही करत ती" म्हणत तिला तुझ्या अंगावर सोडलं, तर मी त्या माणसाला घराबाहेर काढीन.

स्वयंपाकघराच्या दाराला जाळीचं छोटं फाटक बसवून घेतलं आहे. देवघर आत आहे, त्यामुळे तिचं पाऊल तिथे पडत नाही. तिच्यासाठी अंडं लागतं ते मागच्या पडवीत वेगळ्या भांड्यात, वेगळ्या शेगडीवर उकडते, तुझ्या एकाही भांड्याला स्पर्श नाही. केस गळतात म्हणून रोज संध्याकाळी अंगणात विंचरते. तुझी खोली, तुझा पलंग, टीव्हीसमोरची तुझी जागा, खिडकीतली तुळस, सगळं होतं तसंच आहे. फक्त दाराशी एक सतरंजी वाढली आहे. "जागेवर" म्हटलं की ती तिच्यावर जाऊन बसते.

बाबा, तुमचा आवाज. बोलू का? पस्तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज आहे तो, मला फार आवडतो, वरच्या खोलीतही ऐकू आला की घर भरल्यासारखं वाटतं. पण ही पोर मोठ्या आवाजापुढे, अंगावर वाकलेल्या माणसापुढे जागेवरच शू करते. स्पॅनियलमध्ये हे बरंच दिसतं. ते मुद्दाम केलेलं नसतं, "मी लहान आहे, मला मारू नका" असं तिचं ते सांगणं असतं. त्यावर रागावलं की वाढतं. तेव्हा सुरुवातीला थोडं खालच्या पट्टीत बोला, तिच्याकडे बाजू करून बसा, हात डोक्यावरून न नेता हनुवटीखाली न्या, आणि झालंच काही तर मला हाक मारा, मी पुसते.

पट्टा मात्र तुम्ही इतक्यात धरायचा नाही. तिचं वजन बारा किलोच्या वर आहे आणि कबुतर दिसलं की ती झेपावते. नवीन गुडघ्याला तो एक झटका पुरेल. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय ना, मग तिघं जाऊ, पट्टा माझ्याकडे, काठी तुमच्याकडे. ती पट्टा ताणायला लागली की मी जागेवर उभी राहते, सैल सोडला की पुढे. त्यामुळे आम्ही फारच हळू चालतो, तुमच्या पायाला सोयीचं होईल.

आता हे दोघांनीही पाळायचं. शब्द चारच: बस, ये, सोड, जागेवर. एकदाच म्हणायचे, पाढा म्हणायचा नाही. तिने चप्पल तोंडात धरून आणली तर हिसकावू नका, हिसकावलं की गुरगुरायला शिकेल. खाऊ दाखवा, "सोड" म्हणा, आपोआप सोडते. टेबलावरून काही द्यायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: द्राक्षं, मनुका, बेदाणे एकही नाही. द्राक्षांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, त्यातलं टार्टरिक आम्ल हे कारण असावं असं पशुवैद्य मानतात, म्हणून चिंचही लांब. आई, तुझ्या सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे आठवले ना? प्रसाद तिला द्यायचा नाही, देवाला समजतं. कांदाही नाही, शिजवलेलाही नाही, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चातुर्मासात घरात कांदा नाहीच, पण तो संपल्यावर बाबा खिडकीत बसून भजी खातील तेव्हा प्लेट उंचावर. आपल्या जिल्ह्याची दोन्ही मोठी पिकं तिला विषासारखी आहेत, म्हणून इतकं लिहिते.

तिचे कान लांब आहेत, आतून दमट राहतात, पावसाळ्यात पटकन सडतात. ते मी आठवड्याला पुसते आणि फिरून आल्यावर कुसळं काढते. ते तुमच्याकडे नाही. तुम्ही फक्त तिने सारखं डोकं झटकलं तर मला सांगा.

गौरींच्या आधी या, दादा आणून सोडेल म्हणालाच आहे. निघायच्या आदल्या रात्री जागू नका. बाबांनी घाटात थोडं उतरून पाय मोकळे करायचे. गोळ्यांची चिठ्ठी दादाकडे राहू देऊ नका. इगतपुरी सोडलं की फोन करा, मी बुंदीला घेऊन घराबाहेर, कोपऱ्यावरच्या गुलमोहराजवळ उभी राहीन. अनोळखी माणसं एकदम दारातून आत आली तर ती घाबरेल, रस्त्यावर भेट झाली तर तिला मागे सरकायला जागा राहते. आधी बाबा उतरतील. आईने गाडीतच बसून राहायचं, काच वर, हवा तितका वेळ. दादाला घाई करू देऊ नका. तुला वाटलं तर मान हलव, मग सगळे मिळून चालत घरी जाऊ. नाही वाटलं तर मी तिला वर घेऊन जाईन, तू आरामात आत ये, चहा टाकलेला असेल.

वहिनीला नमस्कार आणि चिमण्याला आशीर्वाद. तब्येतीला जपा, खरंच जपा.

तुमची,
रेवा