तलाव भरले होते, मग मेपर्यंत पाणी गेले कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या पाण्याचा वार्षिक हिशेब १ ऑक्टोबरच्या साठ्यावर मांडला जातो. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी हे सातही तलाव काठोकाठ भरले, तर उपयुक्त साठा सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर होतो. शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते. सरळ भागाकार केला तर हे पाणी ३७० दिवस पुरते आणि तलाव भरलेले असतील तर मेअखेरीस साठ्याचा तिसरा हिस्सा तरी शिल्लक दिसायला हवा. प्रत्यक्षात २०२३ चा पावसाळा संपताना तलाव जवळपास भरलेले असूनही मे २०२४ च्या अखेरीस साठा १० टक्क्यांच्या खाली गेला होता. ३० मेपासून ५ आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात झाली आणि भातसा व अप्पर वैतरणातील राखीव साठ्यावर भिस्त ठेवावी लागली.

बाष्पीभवन होते, हे मान्य आहे. ऑक्टोबरमध्ये पाऊस पडला नाही तर वापर लवकर सुरू होतो, हेही खरे. तरीही भागाकार आणि वस्तुस्थिती यांतील एवढी तफावत नुसत्या उन्हावर ढकलता येणार नाही. धरणातून किती पाणी उचलले, भांडुप आणि पांजरापूरच्या जलशुद्धीकरण केंद्रांतून किती बाहेर पडले, प्रत्येक विभागात किती पोहोचले आणि त्यापैकी किती पाण्याचे बिल वसूल झाले, हे चार आकडे एकाच तक्त्यात, दर महिन्याला, नागरिकांना वाचायला मिळाले पाहिजेत. जल अभियंता विभागाकडे हे आकडे असणार. नसतील तर नियोजन कशाच्या आधारावर होते, असा प्रश्न उरतो.

या ताळेबंदाअभावी जलसंधारणाच्या नावाखाली आपल्याकडे एकच उपाय उरला आहे, तो म्हणजे कपात. कपात सरसकट टक्क्यांत जाहीर होते, पण ती सरसकट सोसावी लागत नाही. पुरवठा ठरावीक तासांचा असल्यामुळे चावीवाल्याने व्हॉल्व्ह कमी फिरवला किंवा वेळ कमी केली, की जलवाहिनीतला दाब उतरतो. ज्या सोसायटीची तळटाकी मोठी आहे तिला याचा पत्ताही लागत नाही. टेकडीवरच्या वस्तीत किंवा वाहिनीच्या शेवटच्या टोकाला नळ मात्र कोरडाच राहतो. वर, कपातीची बातमी आली की घराघरांत पिंप, बादल्या, कळशा भरून ठेवल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी ताजे पाणी आले की कालचे ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतले जाते. त्याहून गंभीर बाब म्हणजे, वाहिनी रिकामी असताना तिच्या भेगांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. दहा टक्के कपातीतून खरोखर दहा टक्के पाणी वाचते का, याचे मोजमाप झाल्याचे निदान माझ्या वाचनात नाही.

गळती आणि चोरी मिळून पुरवठ्याचा पाव हिस्सा तरी हिशेबाबाहेर जातो, हे महापालिकेच्या अधिकाऱ्यांनीच वेळोवेळी सांगितले आहे. रोजच्या ३,९०० दशलक्ष लिटरचा पाव हिस्सा म्हणजे सुमारे ९७५ दशलक्ष लिटर. तानसा अभयारण्याच्या परिसरातील जंगल पाण्याखाली घालून आणि तिथल्या आदिवासींना विस्थापित करून ज्या गारगाई धरणाचा प्रस्ताव वर्षानुवर्षे पुढे रेटला जात आहे, त्यातून मिळणारे पाणी आहे ४४० दशलक्ष लिटर. हिशेबाबाहेरचे हे पाणी निम्म्यावर आणले तरी एक गारगाई इथेच हाती लागते, झाडांवर कुऱ्हाड न चालवता. जुन्या वाहिन्या शोधून बदलणे हे काम कष्टाचे, रस्ता खोदण्याचे आणि उद्घाटनाची फीत नसलेले आहे, म्हणूनच कदाचित ते मागे पडते.

शहराच्या प्रत्येक विभागात पाणी शिरते तिथे मुख्य वाहिनीवर मोठे जलमापक बसवून आत आलेले पाणी आणि बिल झालेले पाणी यांची तुलना करणे, हा काही अद्ययावत शोध नाही. तुलना झाली की कोणत्या पट्ट्यात वाहिनी फुटली आहे आणि कुठे अनधिकृत जोडणी आहे, हे रात्रीच्या प्रवाहावरूनच कळू लागते. पहाटे तीनला, टाक्या भरण्याची वेळ नसताना, जो प्रवाह थांबत नाही तो बहुतेक गळतीचा असतो.

पर्जन्यजल संचयनाची अवस्था वेगळी नाही. २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना ते बंधनकारक आहे, पण भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर पावसाचे पाणी मुरवण्यासाठी खणलेल्या खड्ड्यांत गाळ भरला की वाळू, हे पाहायला सहसा कोणी फिरकत नाही. वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, घाटकोपर, भांडुप आणि वर्सोवा येथे उभारण्यात येत असलेल्या सात नव्या मलजल प्रक्रिया केंद्रांची एकत्रित क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर आहे. ते पाणी उद्याने, बांधकामे आणि कारखान्यांपर्यंत नेणारी स्वतंत्र वाहिनी कुठून जाणार, हे केंद्रे पूर्ण होण्याआधी ठरायला हवे. नाहीतर स्वच्छ केलेले पाणी पुन्हा समुद्रातच जाईल.

माझी मागणी मर्यादित आहे. महापालिकेने दरवर्षी १ ऑक्टोबरला साठ्यासोबत पुढील आठ महिन्यांचा आराखडा जाहीर करावा आणि साठा किती टक्क्यांवर आला की काय बंद होणार, हे त्यात आधीच नमूद करावे. बंद करण्याचा क्रम तरणतलाव, गाड्या धुणे आणि बांधकामांचे पिण्यायोग्य पाणी येथून सुरू व्हावा, आणि घरगुती नळाची पाळी सर्वांत शेवटी यावी. टँकर भरण्याची केंद्रेही याच हिशेबात धरावीत आणि तिथून रोज किती पाणी उचलले गेले, तो आकडा विभागवार प्रसिद्ध व्हावा.

— एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई