पाणी तपासायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांसमोर लिहिते आहे. घरात समुद्री टाकी सुरू करू पाहणाऱ्या प्रत्येकाला तुमच्यासारखा शेजारी मिळत नाही. त्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

मला 60 लिटरचा छोटा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, करायचा होता. माझ्या डोक्यात मासे आणि रंग होते, तुमचा पहिला प्रश्न मात्र होता, ‘पाणी कुठलं?’ ठाण्याहून समुद्र जवळ, मग तिथलंच आणावं असं कुणालाही वाटेल. पण किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही घसरतो. घरच्या आरओचं पाणीही तुम्ही चालू दिलं नाहीत. पिण्याच्या आरओत चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. टाकीला हवं आरओनंतर डीआय रेझिनमधून, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या गाळणीतून, काढलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दाखवणारं पाणी. मरीन सॉल्ट, म्हणजे टाकीसाठीचं तयार समुद्री मीठ, त्यात कालवायचं.

आयुष्यभर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाचा हात मला तिथे दिसला. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर नाही, 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग क्षार) द्रावणावर जुळवून घ्यायचा. काचेखाली बुडबुडा राहू द्यायचा नाही, थेंब टाकल्यावर जरा थांबायचं आणि मगच उजेडाकडे धरून वाचायचं. अल्कलिनिटीच्या (पाण्याची आम्ल शोषून पीएच स्थिर ठेवण्याची क्षमता) किटमध्ये रंग निळ्याचा पिवळा होईपर्यंत एकेक थेंब मोजत, दर थेंबाला नळी हलवत राहायचं. हे अनुमापनच आहे, शाळेत केलेलं, असं तुम्ही म्हणालात आणि माझी भीती गेली. वहीत तारीख, तापमान, खारेपणा, अमोनिया असे रकाने तुम्हीच आखून दिलेत.

पाणी उडतं, मीठ उडत नाही, हे एक वाक्य तर मी टाकीवर चिकटवून ठेवलंय. उन्हाळ्यात पंखा लावला की तापमान उतरतं, पण पाणीही भराभर कमी होतं आणि उरलेलं जास्त खारट होतं. टाकी लहान, त्यामुळे हा फरक लवकर पडतो. म्हणून काचेवर मार्करची रेघ मारायची आणि रोज तिथपर्यंत गोडंच पाणी भरायचं. पावसाळ्यात हवा दमट असते, पंख्याचा फारसा उपयोग होत नाही, तेव्हा चिलरची, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राची, तयारी ठेवायची. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा.

दगड रचून झाले, पाणी नितळ दिसायला लागलं, तरी तुम्ही मासा आणू दिला नाहीत. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वसायला चार-सहा आठवडे सहज लागतात. खाऱ्या टाकीचा पीएच 8.2च्या आसपास असतो आणि पीएच जितका चढा, तितका अमोनियाचा विषारी अंश जास्त. तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यात एखादा मासा सोसेल, इथे सोसणार नाही. हे कारण कळलं म्हणूनच मला थांबता आलं. नुसतं ‘थांब’ म्हणणारे पुष्कळ भेटले होते.

आणखी एका गोष्टीसाठी मी तुमची फार ऋणी आहे. मला फांद्यांचं कठीण प्रवाळ हवं होतं आणि एक दुकानदार ते आणून द्यायला तयार होता. तुम्ही मला समोर बसवून सांगितलंत, की सगळी कठीण प्रवाळं आणि समुद्रपंखे (पंख्यासारखी पसरणारी प्रवाळं) 2001पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1मध्ये आहेत, वाघाच्या बरोबरीने. समुद्रातून उचललेला ‘जिवंत दगड’, म्हणजे जीवजंतू वसलेला खडक, तोही नको. मग मालवणच्या समुद्रातल्या प्रवाळांबद्दल तुम्ही कितीतरी वेळ बोललात. त्यांच्याविषयी इतकं मायेनं बोलणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. प्रवाळाचा एक तुकडा वाढायला किती काळ लागतो आणि तोडायला किती, हे ऐकल्यावर माझी हौस आपोआप दुसरीकडे वळली. आता टाकीत सिरॅमिकचे दगड आहेत, झोअँथिड आणि मशरूम ही कठीण सांगाडा नसलेली प्रवाळं आहेत आणि टाकीतच पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी आहे. त्यातली मोठी आहे ती मादी. हे मासे सगळे नर म्हणूनच वाढतात आणि गटातला वरचढ मासा मादी होतो, हेही तुमच्याकडूनच कळलं.

काचेवर तपकिरी थर आला तेव्हा, हे डायटम (सूक्ष्म शेवाळ) आहेत, औषध घालू नकोस, असं तुम्ही फोनवरच सांगितलंत. थर गेला. गोगलगायींनी बराचसा खाल्ला.

भेटल्यावर तुम्ही आधी आकडेच विचाराल, म्हणून इथेच देते. खारेपणा 35, तापमान 26, अल्कलिनिटी 8.3, अमोनिया शून्य. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलते आहे. मॅग्नेशियमचं किट संपलंय, नवं आलं की तोही आकडा कळवते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची