पाणी गळतंय तरी डोळा कोरडाच

महोदय,

पेपरात डोळ्यांबद्दल काही छापून आलं की गाडी शेवटी ‘स्क्रीन कमी बघा’वर येऊन थांबते. ज्यांचं कामच स्क्रीनवर आहे त्यांनी काय करायचं हो? आणि ज्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी येतं ते तर असलं वाचतच नाहीत, आपल्याला कोरडेपणा कुठला म्हणून पान उलटतात. खरं तर डोळा कोरडा पडून चुरचुरायला लागला की तो चिडून भसाभसा पाणी सोडतो, पण ते नुसतं पाणी असतं, टिकत नाही.

अश्रूंत पाणी असतं तसं तेलही असतं, ते पापणीच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतं आणि पाणी उडून जाऊ देत नाही. या ग्रंथी तुंबल्या की डोळ्यात कितीही पाणी असू दे, भराभर सुकतं, आणि बहुतेकांचा प्रॉब्लेम हाच असतो. त्यावर साधा उपाय म्हणजे स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळून मिटलेल्या डोळ्यांवर 5 ते 10 मिनिटं ठेवायचं, गार झालं की परत गरम करायचं, मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर हलक्या बोटाने दाबत न्यायची. रोज करायला कंटाळा येतो, मान्य, पण चार दिवसांत सोडलं तर उपयोग नाही, काही आठवडे तरी लागतात.

एरवी आपण मिनिटाला 15-20 वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनसमोर ते निम्म्याच्याही खाली येतं आणि त्यातही बऱ्याचदा पापणी अर्ध्यातूनच परत फिरते. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांवर बघायचा नियम चांगलाच आहे, पण तेव्हा डोळे पूर्ण मिटून उघडा ना चार-पाच वेळा! स्क्रीन नजरेच्या जरा खाली ठेवा आणि पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर नको.

आता ड्रॉप्स. मेडिकलमधून लाली घालवायचे ड्रॉप्स आणून महिनोन्‌महिने घालणारे खूप आहेत, त्याने रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या आकसतात आणि औषध उतरलं की डोळा आणखी लाल. कोरडेपणाला लुब्रिकेटिंग, म्हणजे डोळा ओलसर ठेवणारे ड्रॉप्स लागतात आणि दिवसातून 4 पेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकावं म्हणून घालतात ते रसायन) नसलेले घ्या. स्टेरॉइडचे तर मनाने घालूच नका, डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो.

ॲलर्जीच्या आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात, तेव्हा डॉक्टरकडे जाताना चालू औषधांची यादी न्या (गोळ्या आपल्या आपण बंद करू नका). तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील तर तेही सांगा, डोळ्याच्या डॉक्टरला सांध्यांचं काय सांगायचं असं वाटतं खरं, पण मागे संधिवातासारखा आजार असू शकतो. आणि जोरात दुखायला लागलं, उजेड सहन होईना किंवा नजर एकदम कमी झाली तर शेकबिक करत न बसता त्याच दिवशी दाखवा.

– एक वाचक